नवले पुलावर उतरणारा डबा

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापक समितीचे सदस्य,
पुणे व पिंपरी-चिंचवड शहरांतील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था



मी निलंग्यात ट्रॅव्हल्सचं बुकिंग ऑफिस चालवतो. रोज संध्याकाळी आमच्या दुकानासमोरून पुण्याच्या गाड्या सुटतात. लातूर, मुरूड, बार्शी, टेंभुर्णी करत पहाटे हडपसरला लागतात आणि मग स्वारगेट, कात्रज, नवले पूल, वाकड, निगडी अशी माणसं उतरवत जातात. यातली बरीच माणसं शेवटी तुमच्याच दारात येतात. कुणी तुमच्या गेटवर उभा राहतो, कुणी जिना पुसते, कुणी पोळ्या लाटते, कुणी शेजारच्या प्लॉटवर नव्या टॉवरचा स्लॅब टाकतो, तर कुणी चाकणच्या कारखान्यातली पाळी संपवून तुमच्या इमारतीत खोली मागायला येतो. मी स्वतः पुण्यात नऊ वर्षं काढली, त्यातली तीन गेटवर. वडील थकले तसा परत आलो.

एखाद्या सोसायटीचं नाव घेऊन भांडण काढायला हे पत्र लिहीत नाही. नाव घेतलं की तेवढी एकच सोसायटी वाईट आणि बाकीच्या बऱ्या, असं वाटतं. जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकानं सगळीकडे घडतं.

आमच्या गाडीच्या डिक्कीत बॅगांपेक्षा पार्सलं जास्त असतात. ज्वारीची पोती, तुरीची डाळ आणि फडक्यात बांधलेले डबे. डब्यावर स्केचपेननं मोबाईल नंबर आणि उतरवायचं ठिकाण लिहिलेलं असतं. एक आई दर पंधरा दिवसांनी असा डबा आणून देते. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वेगळ्या पुडीत येसर मसाला. तिचा मुलगा नवले पुलाजवळच्या एका सोसायटीत रात्री आठ ते सकाळी आठ गेटवर असतो. गाडी पुलापाशी पहाटे पाचच्या सुमाराला येते. गेटपासून पूल चालत पाच मिनिटं. गेल्या वर्षी दिवाळीच्या आठवड्यात तो डबा घ्यायला गेला आणि दहा-बारा मिनिटांत परत आला. तेवढ्या वेळात समितीतल्या एकांनी मोबाईलवर कॅमेरा बघितला. गेट रिकामं. त्या दिवसाचा पगार कापला गेला. हातात डबा घेऊन परत येतानाचा त्याचा फोटो सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला आणि खाली कुणीतरी लिहिलं की ही गावाकडची माणसं, यांना शिस्तच नसते. तोच फोटो एका शाळकरी मुलानं त्याला स्वतःच्या फोनवर दाखवला. ‘काका, हे तुम्ही ना?’

गेट सोडून जाणं चूक आहे, हे मी तीन वर्षं गेटवर उभं राहिलेला माणूस म्हणून मान्य करतो. त्याला सांगून समज देता आली असती. पण त्याच्या एका चुकीचा हिशेब अख्ख्या गावाकडच्या माणसांच्या नावावर मांडला गेला, तिथं माझं दुखणं आहे. त्याच महिन्यात त्या सोसायटीतल्या एका सभासदानं नशेत कंपाउंडची भिंत ठोकली होती, तेव्हा कुणी त्याचं गाव विचारलं नव्हतं. आता त्या मुलाचा डबा ड्रायव्हर निगडीच्या ऑफिसात ठेवतो. मुलगा ड्युटी संपवून, रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी, शहराच्या दुसऱ्या टोकाला बसनं जातो आणि घेऊन येतो.

पहिली गोष्ट तुमच्या एका प्रश्नाबद्दल आहे. ‘कुठले तुम्ही?’

हा प्रश्न आम्हीही विचारतो. निलंग्याच्या स्टँडवर कुणी नवा माणूस दिसला की म्हातारी माणसं विचारतात, ‘कुठले पाव्हणे?’ औराद म्हणाला तर औरादचा कोण ओळखीचा ते आठवतात, कासार सिरशी म्हणाला तर मामाची सोयरीक निघते आणि चहा सांगितला जातो. नातं सापडावं म्हणून तो प्रश्न असतो. पुण्यात तोच प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी त्याच सवयीनं उत्तर दिलं. २००९ ची गोष्ट. मी आणि औराद शहाजानीची दोन पोरं, तिघंही कारखान्यात कामाला. एजंटनं फ्लॅट दाखवला, मालक तयार झाले, डिपॉझिट ठरलं. सचिवांनी ऑफिसात बोलावलं. तिघांची कंपनीची ओळखपत्रं टेबलावर ठेवली होती. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाहीत. ‘कुठले?’ म्हणाले. आम्ही ‘लातूरकडचे’ म्हटल्यावर फाईल मिटली. ‘मराठवाड्याच्या मुलांना देत नाही. आधीच्यांनी फार त्रास दिला.’ काय त्रास दिला, ते मी नम्रपणे विचारलं. रात्री एक वाजता आंघोळ करायची, पाण्याचा आवाज यायचा. दुसऱ्या पाळीचा माणूस बारा-साडेबाराला सुटतो, अंगावर ऑइल असतं. तो रात्री एकलाच आंघोळ करणार. त्यात मराठवाडा कुठं आला, हे मला आजही समजलेलं नाही.

तुमच्याच आदर्श उपविधींत लिहिलेलं आहे की सभासदाला फ्लॅट भाड्यानं द्यायला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, त्यानं कळवायचं असतं. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, ती जरूर द्या. आमच्या पोरांची लपवण्यासारखी माहिती नाही. पण मुलाखत घेणं, ‘बॅचलर नको’, ‘त्या भागातले नको’ असे ठराव करणं, लग्न झालेल्याकडे पत्रिका मागणं, हे कोणत्या उपविधीत बसतं? देशात कुठंही जाऊन राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमानं दिला आहे. तो निलंग्याच्या माणसाला सिंहगड रोडवरही असायला हवा.

दार बंद झाल्यावर ही पोरं कुठं जातात, ते तुम्ही कधी पाहिलं नसेल. नऱ्हे, वाघोली, मोशी, चिखलीकडे एका खोलीत सहा-सहा जण कॉट बेसिसवर राहतात. कॉट रिकामी राहत नाही. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच गादीवर पडतो, गादी गारच होत नाही. मी दीड वर्ष तसं झोपलो आहे. मला अजून आठवतं ते त्या उशीचं. माझ्या आधी झोपलेल्याच्या डोक्याचं तेल तिला लागलेलं असायचं आणि त्याच्यानंतर माझं. सहा जणांत एक संडास, टँकरचं पाणी, दवाखान्याला जायचं तर त्या दिवसाचा खाडा. अशा ठिकाणी मालक करार करत नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. इथं भाडं रोख आणि पावती नाही. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. पुढं लग्न होतं, लेकरू होतं, ते सहा वर्षांचं होतं. शिक्षणहक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांचा अर्ज भरायला जावं, तर तिथं भाडेकरूला नोंदणीकृत करारच मागतात. तुमच्या ऑफिसात दोन मिनिटांत मिटलेली फाईल त्या लेकराच्या शाळेपर्यंत जाऊन पोचते.

दुसरी गोष्ट आमच्या बायांची. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी बाया तुमच्याकडे धुणंभांडी आणि पोळ्यांचं काम करतात. गेटच्या ॲपवर त्यांची येण्याजाण्याची वेळ लागते, त्यांना स्टार दिले जातात. लिफ्टवर पाटी असते की कामवाल्यांनी मागची वापरावी आणि मागची बंद असेल तर जिना. आठव्या मजल्यावरच्या पोळ्या करून झाल्या की बाई खाली येते तेव्हा तिची पिशवी तपासतात. ती तपासायला ज्याला उभं केलेलं असतं, तो बहुतेक वेळा आमच्याकडचाच असतो. मी तपासली आहे. एकदा पिशवी उघडली तर आत एका कागदात दोन पोळ्या आणि भाजी होती. बाईसाहेबांनी दिलेली, पण ‘गेटवर सांगते’ म्हणून सांगायचं राहून गेलं होतं. मी इंटरकॉमवर विचारलं. उत्तर यायला चारेक मिनिटं लागली. तेवढा वेळ ती बाई माझ्यासमोर उभी होती. निलंग्याच्या आठवडी बाजारात तिचा नवरा आणि माझे वडील शेजारी बसायचे. ती माझ्याकडे बघत नव्हती आणि मी तिच्याकडे. नोकरी सोडायचं मी त्या दिवशी ठरवलं.

आणि वेगळा कप. खिडकीच्या कडेला किंवा बेसिनखाली ठेवलेला, कान तुटलेला, कामवालीचा म्हणून. याला स्वच्छतेचं नाव देऊ नका. ज्या हातांनी केलेल्या पोळ्या चालतात, त्या हातात घरातला कप का चालत नाही? गावाकडचं असणं हे यात वरचं कारण असतं, खाली जात असते. आमच्या गावांतही हे विष होतं आणि आजही आहे. ते आम्हाला ठाऊक आहे म्हणूनच लगेच ओळखू येतं. गाव सोडताना माणूस मनाशी म्हणतो की शहरात कुणाला आपलं आडनाव कळणार नाही. मग गेटवरच्या रजिस्टरात पहिल्याच रकान्यात पूर्ण नाव लिहावं लागतं. निलंगा, औराद, उदगीरची मुसलमान पोरं तर दोन्हींकडून मार खातात. एजंट त्यांना फोनवरच सांगतो की वर येऊ नका.

घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ सालचा कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्या नोंदणीसाठी काम देणाऱ्या घराचा दाखला मागतात आणि तो द्यायला लोक कचरतात. सुरक्षारक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे. तुम्ही एजन्सीला बारा तासांचे पैसे देता, त्यातले किती रक्षकाच्या खात्यात जातात, हे पुढच्या बैठकीत एकदा विचारून बघा.

इथं आणखी एका कायद्याबद्दल थोडं बोलतो, जरी तो तुमची जबाबदारी नाही. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली केंद्रानं कायदा केला, पण २०२५ पर्यंत लागू असलेला तो कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ठेकेदारामार्फत जाणाऱ्यांचा होता. निलंग्याचा माणूस कर्नाटकातल्या बिदरला गेला तर तो स्थलांतरित ठरू शकत होता आणि बिदर आम्हाला पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे. पुण्याला गेलेला मात्र त्या कायद्याच्या हिशेबात कुठं गेलेलाच नसायचा. सरकारच्या लेखी तो घरीच आहे आणि तुमच्या लेखी तो बाहेरचा.

तिसरी गोष्ट बोलण्याची. आम्ही ‘करायलो’, ‘जायलो’, ‘आलोत’ म्हणतो. पाण्याला पानी म्हणतो. मोठ्या माणसाला हसलं तर तो सोसतो. माझी भाची पिंपरीत शाळेत आहे, दुसरीत. वर्गात पानी म्हणाली तेव्हा पोरं हसली, आणि हसणाऱ्यांत बाईही होत्या. तिनं शाळेत बोलणंच सोडलं. नंतर शिकली. आता फोनवर माझ्या आईला थांबवून सांगते, ‘आजी, पानी नाही, पाणी.’ आई पंचाहत्तरीची आहे. पूर्वी नातीशी अर्धा अर्धा तास बोलायची. हल्ली ‘जेवलीस का, बरी आहेस का’ एवढं विचारते आणि फोन माझ्याकडे देते. चुकेल म्हणून भिते. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. मराठीचे आद्यकवी म्हणून शाळेत त्यांचं नाव शिकवतात. ते ज्या मुलखात चिरविश्रांती घेतात, तिथल्या म्हातारीला नातीशी मराठीत बोलायची भीती वाटावी, हे मला सहन होत नाही.

सोसायटीत चोरी झाली की पहिला जाब कुणाला विचारतात, ते मी लिहायला नको.

आम्ही हौसेनं येत नाही. तेरणा-मांजराकाठच्या जमिनी भावकीत वाटत वाटत एकरा-दीड एकरावर आल्या. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या बाजारात शेतकऱ्यानं त्याच्या खाली माल घातला. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनं उभं पीक नेलं, काही ठिकाणी मातीच खरवडून नेली. त्यानंतरच्या महिन्यात मी ज्यांची तिकिटं फाडली, त्यांत कधी गाव न सोडलेली पन्नाशीची माणसंही होती. एकानं मला विचारलं, ‘तिथं माझ्या वयाच्याला काय काम मिळंल?’ मी म्हटलं, वॉचमनचं.

आणि तुमच्या शहराला आमची ओळख नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री माणसं दमून झोपलेली असताना, पहाटे चारच्या आधी किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या घराची मागची भिंत पडली, आम्ही वाचलो. पुढचे कित्येक दिवस पुण्याहून माणसं आणि ट्रक येत राहिले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली बाराशेच्या आसपास मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, पुढं वाघोलीत त्यांची शाळा-वसतिगृह उभं राहिलं. ज्ञानप्रबोधिनीनं हराळीला शाळा काढली. तेव्हा पुण्यानं आम्हाला ‘कुठले?’ विचारलं होतं ते लेकरू कुठल्या गावचं आहे, त्याचं कोण उरलंय, हे कळावं म्हणून. आज त्याच वाघोलीत आमची पोरं कॉट बेसिसवर राहतात. अंगावर मलबा असलेल्या माणसाला जवळ घेणारं शहर, अंगावर ऑइल असलेल्याला दारात का थांबवतं, याचा विचार तुम्हीच करा.

आमच्याकडूनही पाप घडलं आहे, ते लपवत नाही. २०२० च्या टाळेबंदीत तुमच्याकडची कामं बंद झालेली माणसं मिळेल त्या वाहनानं, काही चालत, गावाला आली. तेव्हा आम्ही रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या. ‘पुण्याचे आले’ म्हणून सख्ख्या भावाला शाळेच्या खोलीत ठेवलं, वेशीबाहेर पाणी ठेवून मागं सरलो. माझ्या हातून हे झालं आहे. माझा चुलतभाऊ चौदा दिवस झेडपीच्या शाळेत होता आणि मी लांबून बोलायचो. तो म्हणाला होता, ‘तिकडं लातूरचा, इकडं पुण्याचा. मी हाय तरी कुठला?’ मला उत्तर देता आलं नाही. भीतीनं माणूस कसा वागतो ते मला त्यामुळं कळलं. तुमच्यावर दगड मारायला हे लिहीत नाही, ते त्यामुळंच.

आता मागणं. पुढच्या सर्वसाधारण सभेत भाडेकरूच्या विषयावर बोलाल, तेव्हा माणसाची नोकरी बघा, करार नोंदवा, माहिती पोलिसांना द्या आणि जिल्हा, जात, धर्म, लग्न हे रकाने अर्जातून काढून टाका. रात्रपाळीचा भाडेकरू असेल तर आंघोळीच्या आवाजाबद्दल त्याच्याशीच बोला, तो ऐकेल. लिफ्ट एकच ठेवा. केबिनमध्ये पंखा, पाणी आणि रक्षकाला वापरता येईल असा संडास द्या. मी रात्री तीनला त्यासाठी पेट्रोलपंपापर्यंत गेलो आहे आणि तेव्हाही गेट रिकामंच असायचं. पिशव्या तपासायच्याच असतील तर सगळ्यांच्या तपासा. कामाच्या बाईला दाखला द्या.

आणखी एक, जे तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे येळवस असते, वेळ अमावास्या. लातूर-धाराशिवकडचा सगळा मुलूख त्या दिवशी शेतात असतो. कडब्याची खोप करतात, भज्जी, उंडे, आंबील करतात, घरात कुणी राहत नाही. दिवाळीला सुट्टी नाही मिळाली तरी आमचा माणूस फार बोलत नाही, पण येळवशीला शेत सुनं राहिलं की तो दिवसभर गप्प असतो. पुण्याच्या कॅलेंडरात तो दिवस ठळक नसतो. तुमच्या रक्षकांत, कामवाल्यांत आमच्याकडची माणसं किती आहेत ते बघा आणि त्यांना आळीपाळीनं का होईना, दोन दिवस सोडा. मी त्यांच्यासाठी जागा धरून ठेवीन.

आणि पहाटेचा तो डबा. ज्याच्या गावाहून पार्सल येतं, त्या रक्षकाला दहा मिनिटं द्या. तेवढ्यापुरता दुसरा माणूस गेटवर उभा करा. फिरायला निघालेला एखादा सभासद उभा राहिला तरी चालेल. पाच वाजता तुमच्यातले कितीतरी जण बूट घालून खाली आलेले असतात, मी त्यांना तीन वर्षं रोज गेट उघडून दिलं आहे.

त्या आईनं आज पुन्हा डबा आणला आहे. माझ्यासमोर टेबलावर आहे. फडक्याच्या गाठीखालून चटणीचा वास येतोय. वर तिनं निगडी लिहिलंय. तुमचं उत्तर आलं, तर पुढच्या वेळी मी तिला नवले पूल लिहायला सांगेन.



आपला,
बुकिंग ऑफिसवाला,
निलंगा, जि. लातूर